थोरल्या जावयाचा घोडा

घोड्याला लागलेला वेळ मी मोजला, पण घोडा किती लांब पळाला ते मोजलं नाही. चूक एवढीच. तिच्यापायी मला भर पंगतीत उभं राहून उखाणा घ्यावा लागला, आणि तोही माझ्या साडूनं रचलेला.

साडू म्हणजे बायकोच्या धाकट्या बहिणीचे यजमान. धारला वकिली करतात. आवाज इतका मऊ, की ऐकणाऱ्याला वाटावं हा माणूस आपली समजूत काढतोय. घरी जाऊन सदरा काढताना कळतं की पाठीवर वळ उठलेत. मी देवासचा. नोकरीची सगळी वर्षं एका कारखान्यात कामाचा वेळ मोजण्यात गेली. स्टॉपवॉच घेऊन माणसाच्या पाठीमागे उभं राहायचं आणि त्यानं नट आवळायला किती वेळ घालवला ते साहेबाला जाऊन सांगायचं. या कामात मित्र होत नाहीत. निरोपसमारंभात हार एकच पडला, सुटकेचे सुस्कारे मात्र पुष्कळ ऐकू आले. स्टॉपवॉच माझं स्वतःचं होतं, ते मी घरी आणलं. घरी त्याच्यानं बायकोचा चहा मोजून पाहिला, एकदाच. पुन्हा मोजला नाही.

साडूंशी वैर त्याहून जुनं. आमच्या घराण्यात एक वाक्य पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय: आमचे पणजोबा संस्थानच्या पागेवर होते. एका लग्नात नव्या व्याह्यांसमोर मी हे वाक्य नसलेल्या मिशीवर हात फिरवत म्हटलं. व्याही प्रभावित झाले. एक जण तर सरसावून बसला. तेवढ्यात साडूंनी अगदी आदरानं विचारलं, "पागेवर म्हणजे भाऊसाहेब, घोड्यावर की चंदीवर?"

चंदी म्हणजे घोड्याचा खुराक, भिजवलेले चणे. पणजोबा कोठीत बसून चणे मापून द्यायचे, हे खरं. घोड्यावर ते बसले असते तर निदान पडल्याची नोंद तरी कुठंतरी राहिली असती. पण हे साडूंना सांगितलं कुणी? मीच, फार पूर्वी, दोघांची नवी ओळख होती तेव्हा, मनमोकळेपणाच्या भरात. त्या लग्नापासून सासुरवाडीची पोरंटोरं मला 'चनेवाले काका' म्हणू लागली. आताची पोरं तर घरात निम्मं हिंदीच बोलतात. त्यांना पागा माहीत नाही, चंदी माहीत नाही, पण चनेवाले काका माहीत आहेत.

तेव्हापासून मला एकच हवं होतं. या माणसाला सगळ्या गोतावळ्यासमोर तोंडावर पाडायचं, आणि तेही घोड्यांच्याच बाबतीत.

धारहून मांडवगडाकडे जाताना आतल्या अंगाला एक गाव आहे. गहू ओंबीवर आला की तिथं जत्रा भरते आणि घोड्यांची शर्यत होते. एका मोठ्या कडुलिंबापासून घोडे सुटतात, सरळ तळ्याकडे जातात, तळ्याला अर्धा वळसा घालतात आणि दुसऱ्या अंगानं परत लिंबाकडे येतात. जत्रेच्या पहिल्या दिवशी दोन-दोन, तीन-तीन घोडे वेगवेगळे पळवतात. त्यातले चांगले निवडून शेवटच्या दिवशी एकत्र सोडतात. सगळी सासुरवाडी त्या दिवसांत साडूंकडे धारला जमते. दुपारी शर्यत आणि संध्याकाळी शर्यतीवरच्या गप्पा.

आणखी एक सांगायला हवं. आमच्या सासुरवाडीत थोरल्या जावयाचा मान अजून जुन्या वळणानं पाळतात. पंगतीतलं पहिलं पान त्याचं, पहिला घास त्याचा आणि कुठलीही गोष्ट ठरवायची असली की पहिला शब्दही त्याचाच. थोरला जावई मी. साडूंनी या रीतीत कधी तसूभर कसूर केली नाही. स्कूटर घ्यायची असो की प्लॉट, घरातल्या समारंभाचा हलवाई ठरवायचा असो, ते हात जोडून म्हणायचे, "आधी तुम्ही, भाऊसाहेब." त्यामुळे मला उगाच वाटत आलं की माणूस विषारी असला तरी त्याला वळण चांगलं लागलंय.

मागल्या वर्षी मी स्टॉपवॉच घेऊन गेलो. पहिल्या दिवशी प्रत्येक घोड्याचा वेळ मोजला, मोबाइलवर चित्रीकरणही केलं. काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा एक अबलख घोडा सगळ्यांत कमी वेळात आला. त्याच्या मागोमाग, दुसऱ्या फेरीत पळालेली एक लाल घोडी. बाकीचे नुसते धूळ उडवायला आलेले. संध्याकाळी मी जाहीर केलं की अबलख जिंकणार, ही घड्याळाची भाषा आहे, हिच्यात वकिली चालत नाही. तेव्हाच ठरलं की जो हरेल त्यानं पुढच्या पंगतीत उखाणा घ्यायचा, आणि तो जिंकणारा रचील.

"आधी तुम्ही बोललात," साडू म्हणाले. "मग आमच्या वाट्याला राहिली ती लाल घोडी."

लाल घोडी जिंकली, आणि थोडक्यात नाही. पुढच्याच आठवड्यात एका केळवणात साडूंनी माझ्या हातात चिठ्ठी ठेवली. मी उभा राहिलो. हातात पुरणपोळीचा तुकडा तसाच. मजकूर असा होता: 'पागेत होते घोडे अन् पोत्यात होते चणे', पुढं माझ्या बायकोचं नाव, आणि 'म्हणते, वकिलांपुढे तुम्ही उणे.' पोरांनी टाळ्या वाजवल्या. बायकोनंही वाजवल्या. विचारलं तर म्हणाली, नाव माझं आलं होतं ना.

त्या पुरणपोळीचा घास माझ्या घशात वर्षभर अडकून होता. देवासला परत आल्यावर मी ते चित्रीकरण किती वेळा पाहिलं असेल, सांगवत नाही. वेळ बरोबर, घड्याळ बरोबर, तरी निकाल उलटा. घोडा विकत घेतला असता तरी एवढं पाहिलं नसतं. पाहता पाहता मी साडूंना उखाणा घ्यायला लावायचो. कधी ते आमसुलाचं सार पिताना ठसकायचे, कधी त्यांच्या हातून ताट पडायचं. माणूस म्हातारपणी देवाचं नाव घेतो, मी हे करत होतो.

उत्तर सापडलं ते आमच्या देवासच्या देवीच्या टेकडीवर. संध्याकाळी आम्ही दोघं टेकडीची परिक्रमा करतो. बायको आतल्या बाजूनं, डोंगराला लागून. मी बाहेरून, नवऱ्यानं बाहेरून चालावं म्हणून. त्या दिवशी ती तिच्या भाचीच्या सासूबद्दल सांगत होती. जराही घाई न करता, हातवारे करत, मधूनच थांबून चपलेतला खडा काढत ती चालली होती. आणि मी धापा टाकत तिच्या बरोबरीनं यायला धडपडत होतो.

"तुम्हाला एवढा दम का लागतोय?" तिनं विचारलं. "डॉक्टरला दाखवा."

मी तिथंच कठड्यावर बसलो. डॉक्टरची गरज नव्हती. ती आतून चालत होती, मी बाहेरून. प्रत्येक वळणावर मी तिच्यापेक्षा जास्त चालत होतो. घरी येऊन चित्रीकरण लावलं. पहिल्या दिवशी लाल घोडी तळ्याच्या वळणावर पार बाहेरच्या अंगानं पळाली होती, प्रेक्षकांच्या जवळजवळ मांडीवरून. अबलख आत तळ्याला चिकटून. म्हणजे घोडी जास्त जमीन तुडवून थोडीच मागं राहिली होती. शेवटच्या दिवशी तिला आतली वाट मिळाली आणि संपलं. वळण अर्ध्या वर्तुळाचं असलं तर एक हात बाहेर सरकणारा तीन हात जास्त पळतो, हे गणित मला शाळेपासून येत होतं. ते घोड्यालाही लागू होतं, एवढंच कुणी सांगितलं नव्हतं.

बायकोला मी हे ताटात समजावून सांगितलं. ताटाच्या काठानं लिंबाची फोड फिरवली आणि वाटीच्या कडेनं मिरचीचा तुकडा. तिनं दोन्ही खाल्लं आणि म्हणाली, असेल.

त्या दिवसापासून मी सुडाची तयारी अशी केली, जशी नोकरीत कधी पगारवाढीचीही केली नव्हती. साडूंसाठी उखाणा आधीच रचला. चालता-चालता, दाढी करताना, देवपूजेतसुद्धा मनात घोळवला. शेवटी असा बसला: 'कोर्टात मारल्या बाता, मैदानात खाल्ली माती', मग मेव्हणीचं नाव, 'सांगते, घोड्यांची अक्कल भाऊसाहेबांच्या हाती.' 'माती' आणि 'हाती' जुळल्यावर मला इतका आनंद झाला की मी बायकोला उठवून ऐकवला. तिला दुपारची झोप प्रिय आहे. तरी हसली.

यंदा साडूंच्या नातवाची मुंज जत्रेनंतर लगेचच होती. धारला, मोठ्या कार्यालयात, सगळे व्याही, सगळे वकील, एक-दोन निवृत्त न्यायाधीश. मी जत्रेच्या आदल्या दिवशी फोन करून म्हटलं, यंदाचा उखाणा मुंजीच्या पंगतीत, माइकवर. साडूंना एकदम ठसका लागला. त्या ठसक्यानं मला पुढच्या कितीतरी वर्षांचं आयुष्य मिळालं.

"माइक कशाला, भाऊसाहेब," ते म्हणाले. "पण तुमची इच्छा. तुम्ही थोरले."

पहिल्या दिवशी मी सकाळीच मैदानावर हजर. लाल घोडी यंदा गाभण होती, आलीच नाही. अबलख आला होता. आणि खातेगावाकडून एक काळा घोडा आला होता, उंच, मानेला अशी ऐट की जणू पागेची खरी हकीगत त्यालाच ठाऊक. दोघं एकाच फेरीत पळाले. अबलख आपल्या सवयीनं आतून, तळ्याच्या काठानं. काळा मात्र वळणावर पार बाहेर गेला आणि तसाच बाहेरून फिरून आला. लिंबापाशी अबलख निसटता पुढं, काळा त्याच्या कानाला लागून.

सगळे अबलख-अबलख करत होते. मी आतल्या आत नाचत होतो. गर्दी पांगल्यावर मी वळणावर गेलो, कारण आत आणि बाहेर नेमकं किती अंतर आहे ते मला दोरीनं मोजायचं होतं. बाहेरच्या काठावर दोरीचं टोक खुंटीला बांधलं आणि आतल्या काठाकडे चाललो. तिथं माझी चप्पल रुतली. तळ्यातून गव्हाला पाणी ओढणाऱ्या मोटारीचा पाइप फुटून आतली सगळी कड भिजली होती. आमची माळव्याची काळी माती, ओली झाली की पाय सोडत नाही. चप्पल काढायला गेलो तर दुसरी रुतली. मी पाइपाला, मोटारीला, त्या शेतकऱ्याला, सगळ्यांना शिव्या घातल्या, अनवाणी बाहेर आलो, चपला तळ्यावर धुतल्या, आणि अंतर मात्र व्यवस्थित मोजून घेतलं.

साडूंच्या घरी पोचलो तेव्हा बायको पायरीवर होती. "एवढा चिखल कुठं लागला?" तिनं विचारलं. मी म्हटलं, वळणावर, तुला नाही कळायचं.

संध्याकाळी हिशेब केला. काळा घोडा बाहेरून किती जास्त पळाला ते त्याच्या वेळातून वजा केलं, तर तो अबलखच्या कितीतरी पुढं निघत होता. इतका पुढं, की मला जरा शंका यायला हवी होती. कारखान्यात असा आकडा आला असता तर मी म्हटलं असतं, घड्याळ बिघडलंय. पण सुडाच्या वेळी माणसाला मोठा आकडा आवडतो.

साडू झोपाळ्यावर बसले होते. सगळी मंडळी चहाला जमलेली. त्यांनी हात जोडले. "आधी तुम्ही, भाऊसाहेब."

मी घसा साफ केला. वळण, वर्तुळ, एक हाताला तीन हात, सगळं सांगितलं. मागल्या वर्षी मी का हरलो तेही सांगितलं, आणि त्यात साडूंच्या अकलेचा काही संबंध नव्हता हे दोनदा सांगितलं. एका भाच्यानं विचारलं, "मतलब काका, जो हारा वो जीता?" मी म्हटलं, बरोबर, आणि शेवटी काळ्या घोड्याचं नाव घेतलं. मंडळींचे कप हातातच राहिले. हे मला फारच मानवलं.

साडूंनी बशीत चहा ओतला. "फार खोल अभ्यास आहे," ते म्हणाले. "मग राहिला तो अबलख."

मी म्हटलं, विचार करून सांगा, मागाहून म्हणाल की भाऊसाहेबांनी घाई केली. ते म्हणाले, विचार आमच्याकडून कसला होतोय.

शेवटच्या दिवसापर्यंत तीन-चार दिवस कडक ऊन पडलं. पंचांनी पाइप दुरुस्त करून घेतला होता आणि तळ्याच्या काठाला मुरूम टाकून पाटा फिरवला होता. मी ते येताना पाहिलं. चांगलं काम केलंय असंही बरोबरच्यांना म्हटलं. मग लिंबाखाली सगळ्यांत पुढं जाऊन उभा राहिलो. खिशात उखाण्याची चिठ्ठी होती. माझ्याच अक्षरातली, साडूंना वाचायला सोपी जावी म्हणून मोठं अक्षर काढलेली.

घोडे सुटले. सरळ वाटेवर काळा आणि अबलख जोडीनं गेले. तळ्याशी अबलख आत वळला आणि टाळूला लागलेल्या तेलासारखा त्या कडेनं सरकला. पाय कुठं रुतत नाही, मान कुठं अडखळत नाही. काळा बाहेर, दूर, ऐटीत. बाजूला एक गावकरी उसाचं कांडकं सोलत उभा होता. त्यानं मला विचारलं, "भिया, काला आपका है?" मी मान हलवली. तो म्हणाला, "वो तो घूमने निकला है."

अबलख आला, थांबला, पाणी प्यायला, तरी काळा येतच होता असं मला आजही वाटतं. बायको म्हणते तसं काही नव्हतं, मी वाढवून सांगतो.

गर्दी गुलालाकडे धावली. मी वळणावर गेलो. मुरमाखाली, पाटा जिथं नीट फिरला नव्हता तिथं, पहिल्या दिवशीचे खुरांचे खड्डे वाळून कडक झाले होते. वीतभर खोल. अबलखचे. त्याच रांगेत, जरा पलीकडे, माझ्या चपलेचा ठसा. अगदी स्वच्छ, अंगठ्यासकट. अबलख त्या दिवशी चिखलातून पाय उपसत पळाला होता आणि तरीही पुढं आला होता. काळ्यानं बाहेरची कोरडी, घट्ट वाट धरली होती. जास्त जमीन तुडवून त्याचं नुकसान झालं असं मी धरलं, पण त्याचा तो फायदाच होता. माझी चप्पल तिथं रुतली तेव्हा मी शिव्या दिल्या. घोड्यालाही पाय असतात, हे माझ्या डोक्यात आलं नाही.

मुंजीच्या पंगतीत केळीची पानं मांडली होती. पहिलं पान माझं. माइक माझ्या पानापाशीच उभा करून ठेवलेला, मीच मागितला होता. साडू सोवळं नेसून आले, चिठ्ठी वगैरे काही दिली नाही. म्हणाले, "नवीन रचायला वेळ नाही झाला. तुमचा तयार आहे म्हणे. तोच घ्या, फक्त नावं फिरवा." मी बायकोकडे पाहिलं. ती मेव्हणीकडे पाहत होती. दोघी बहिणी. तरीच.

मी उभा राहिलो. न्यायाधीशांनी घास थांबवला. "घोड्यांच्या मोजल्या वाटा, मैदानात खाल्ली माती," एवढं बदललं, बायकोचं नाव घेतलं, आणि "सांगते, घोड्यांची अक्कल वकिलांच्या हाती." 'हाती' माइकमध्ये दोनदा घुमलं. मागच्या पंगतीतून कुणी पोर ओरडलं, "चनेवाले काका, वन्स मोअर." वन्स मोअर मी दिला नाही. एवढा कणा शिल्लक होता.

पंगत उठल्यावर मी साडूंना हात धुण्याच्या जागी गाठलं. राग होता, पण त्याहून जास्त मला कळायचं होतं. पहिल्या दिवशी त्यांनी तो चिखल पाहिला होता का? पाइप फुटल्याचं त्यांना कुणी सांगितलं होतं का? की घोड्याची चाल पाहून ओळखलं? मी म्हटलं, आता मुंज झाली, खरं सांगा, तुम्ही घोड्यात नेमकं काय बघता.

साडूंनी टॉवेलला हात पुसले. नेहमीसारखा तोच मऊ आवाज.

"मी घोडा बघतच नाही, भाऊसाहेब. तुम्ही कोणता घेता ते ऐकतो आणि दुसरा घेतो. लग्नापासून असंच करत आलोय. स्कूटर घ्या, प्लॉट घ्या, घोडा घ्या, अजून एकदाही चुकलो नाही."